दादाला कुणी विचारलंय का?

हडपसरच्या एका वाचकाचं पत्र आहे, वय २६, नाव देत नाहीये. त्याच्या मोठ्या भावावर गेल्या वर्षी गाडी लावण्याच्या वादातून चार पोरांनी कोयत्याने वार केले. भाऊ वाचला पण उजव्या हाताची तीन बोटं आता वळत नाहीत, चाकणला कंपनीत सीएनसी मशीनवर होता ती नोकरी गेली. केस झाली, चौघं आत गेले, चार्जशीट पण झालं, आणि आता त्यातला मुख्य जो आहे तो जामिनावर बाहेर आलाय. रोज संध्याकाळी बिल्डिंगखालून बाईक रेस करत जातो आणि वर बघून हसतो. एरियातले एक वजनदार गृहस्थ घरी येऊन "तीन लाख घ्या आणि विषय संपवा" सांगून गेलेत. वडील म्हणतात घेऊन टाकू आणि गावी जाऊ. मित्र म्हणतात तू फक्त हो म्हण, बाकीचं आम्ही बघतो. आणि तो मला विचारतो, "ताई, कायद्याने आमच्यासाठी काय केलं ते बघितलं आम्ही. आता मी त्याचा हात तसाच करून ठेवला तर त्यात चूक काय? खरं सांगा, प्रवचन नको."

अरे, प्रवचन नाही देत. आधी एवढं ऐक की तुला राग येतोय यात तुझं काहीही चुकलेलं नाही. घरातल्या माणसाचा हात कुणीतरी कायमचा निकामी केला आणि तो माणूस रोज खालून हसत जातोय, अशा वेळी ज्याला राग येत नाही त्याचीच मला काळजी वाटेल. लोक तुला सांगत असतील की सोडून दे, माफ कर, देव बघून घेईल. मी नाही सांगणार. माफी ही मागून मिळायची गोष्ट नाही आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनी तर ती दुसऱ्याच्या वतीने वाटूच नये.

पण तुझं पत्र परत परत वाचताना मला एक गोष्ट सारखी टोचत राहिली. त्यात तू बोलतोस, पप्पा बोलतात, ते गृहस्थ बोलतात, मित्र बोलतात, आई रडते असं पण लिहिलंयस. दादा एक वाक्य बोलत नाही. हात त्याचा, नोकरी त्याची, केसमधला मुख्य साक्षीदार तो, आणि त्याला काय हवंय हे अख्ख्या पत्रात कुठेच नाही. तू त्याला विचारलंयस का? म्हणजे "तुझ्यासाठी मी त्याला सोडणार नाही" असं सांगणं नाही, शांत बसून "तुला काय व्हावंसं वाटतं" हे विचारणं. मला वाटतं नाही विचारलंयस, कारण उत्तर तुझ्या मनासारखं नसेल याची तुला भीती आहे. कदाचित त्याला फक्त एवढंच हवं असेल की संध्याकाळी गॅलरीत उभं राहता यावं. कदाचित कोर्टात उभं राहून त्या माणसाकडे बोट दाखवून "हाच" म्हणायचं असेल. कदाचित तुझ्याहून जास्त राग असेल. पण ते त्याने सांगायचंय.

कीर्तनात ऐकलं असशील, द्रौपदीची पाच पोरं झोपेत मारली गेली तेव्हा अर्जुनाने अश्वत्थाम्याला बांधून तिच्यासमोर आणून उभं केलं. भीम म्हणत होता मारून टाका. तिने सांगितलं नको, मी रडते तशी याची आई रडायला नको. हे मी दादाने माफ करावं म्हणून सांगत नाहीये, ती "मारा" म्हणाली असती तर ते पण समजण्यासारखं होतं. मला त्यातलं हे महत्त्वाचं वाटतं की जिचं गेलं तिच्यासमोर आणलं आणि तिचं ऐकलं. तुमच्या घरात नेमकं हेच राहून गेलंय.

आता तुझा प्रश्न, चूक काय. सरळ उत्तर देते, आधी व्यवहाराचं.

आज कोर्टात एकच केस आहे, त्यात दादा जखमी आहे आणि ते चौघं आरोपी आहेत. तू हात उचललास की दुसऱ्या दिवशी क्रॉस केस. मग दोन पार्ट्या, दोन एफआयआर, आणि त्यांचा वकील जजसमोर सांगणार की साहेब ही जुनी भांडणं आहेत, दोन्हीकडचे सारखेच. शिवाजीनगर कोर्टात मी अशा किती केसेस बघितल्यात ज्या चांगल्या भक्कम होत्या आणि नंतर क्रॉस केसमुळे दोन्ही बाजूंनी गप बसायचं ठरलं. म्हणजे ज्याच्यासाठी तू हे करणार त्याचीच केस तू त्यांना बक्षीस देणार. शिवाय धारदार हत्याराने गंभीर दुखापत केली तर भारतीय न्याय संहितेत कमीत कमी एक वर्ष आणि वर थेट जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. आणि "तू फक्त हो म्हण" यातला तो हो पण गुन्हाच आहे बरं का, त्याला कट म्हणतात, तू घरी झोपलेला असलास तरी. फोनचे रेकॉर्ड निघतात, मित्र पहिल्या रिमांडमध्ये बोलतात. स्वसंरक्षणाचा हक्क कायदा देतो पण तो हल्ला होत असतानाचा आहे, वर्षभराने जाऊन केलेल्या हिशोबाचा नाही.

आणि मित्र म्हणतात "आम्ही बघतो", म्हणजे नक्की कोण बघणार आहे? पुण्यात गेल्या काही वर्षांत कोयत्याच्या केसेसमध्ये किती अल्पवयीन पोरं पकडली गेली ते तू पेपरात वाचतोच. सोळा सतरा वर्षाच्या पोराला पुढे करायचं, त्याला रील टाकायला मिळतं, मोठे मागे राहतात. तुझ्या दादाच्या हातासाठी दुसऱ्या कुणाच्या तरी अकरावीतल्या पोराचं आयुष्य गेलं तर चालेल का तुला? मला खरंच वाटतं की हा प्रश्न मित्रांना विचार, तोंडावर विचार.

आता चूक-बरोबरचं. सूड घेणाऱ्याला वाटतं आपण हिशोब पूर्ण करतोय. पण समोरचा मोजायला सुरुवात तुझ्या दादापासून करणार नाही, तो त्याच्या भावाच्या हातापासून करणार. प्रत्येक घर आपल्या जखमेपासून मोजतं, त्यामुळे तो हिशोब कधी बरोबरीत येतच नाही. लांब कशाला जायचं, १ सप्टेंबर २०२४ ला नाना पेठेत एका माजी नगरसेवकाचा खून झाला. वर्षभराने, ५ सप्टेंबर २०२५ ला, त्याच नाना पेठेत त्या केसमधल्या एका आरोपीचा कॉलेजला जाणारा मुलगा क्लासवरून घरी येताना बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये गोळ्या घालून मारला. पोलिसांचं म्हणणं हा बदलाच. आणि तो मुलगा त्या मारल्या गेलेल्या नगरसेवकाचा सख्खा भाचा होता! त्या पोराने कुणाचं काय केलं होतं रे? बाप जेलमध्ये होता म्हणून मुलगा हाताशी लागला, एवढंच. सूड गुन्हेगारापर्यंत पोचेलच असं नाही, तो जो सापडेल त्याच्यापर्यंत पोचतो. तुमच्या घरातून रोज कामाला बाहेर पडणारे कोण कोण आहेत ते आठव.

तू म्हणशील ताई, पण कायदा जिथे काहीच करत नाही तिथे काय करायचं. हा प्रश्न खोटा नाही. १३ ऑगस्ट २००४ ला नागपूरच्या कस्तुरबानगरातल्या बायकांनी अक्कू यादव या गुंडाला कोर्टातच ठार मारलं. वर्षानुवर्षं त्या वस्तीला त्याने छळलं, बलात्कार केले, तक्रारी घेतल्या गेल्या नाहीत आणि उलट त्याच्या कानावर जायच्या. त्या बायकांना नावं ठेवायची माझी हिंमत नाही आणि इच्छाही नाही. पण त्यांनासुद्धा पुढची दहा वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या, २०१४ मध्ये पुराव्याअभावी सुटका झाली. आणि तुमची परिस्थिती ती नाहीये. तुमची एफआयआर झालीये, चौघं अटक झाले, चार्जशीट कोर्टात आहे. जामीन झाला म्हणजे तो सुटला असं नाही, केस अजून सुरूसुद्धा झालेली नाही. तुम्हाला वाटतंय कायद्याचं सगळं करून झालं, आणि मला पत्रावरून दिसतंय की तुम्ही तुमच्या हक्कातलं निम्मंही वापरलेलं नाही. तुमचा दोष नाही यात, सांगितलंच नसणार कुणी.

पूर्वी खरंच असं होतं की गुन्हा झाला की केस सरकारची, आणि ज्याच्यावर वार झाला तो फक्त साक्षीदार. बोलावलं की ये, विचारलं तेवढं सांग, जा. ३१ डिसेंबर २००९ पासून कायद्यात पीडित या माणसाची व्याख्या आली आणि आरोपी निर्दोष सुटला, कमी कलमात शिक्षा झाली किंवा भरपाई कमी मिळाली तर पीडिताला स्वतः अपील करायचा हक्क मिळाला. त्यासाठी वेगळी परवानगीही लागत नाही असं सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये सांगितलं. १ जुलै २०२४ पासून जी नवीन नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी केस कशी चालवायची त्याचा कायदा, आलीये त्यात आणखी आहे, तपास कुठवर आला ते पोलिसांनी ९० दिवसांच्या आत पीडिताला कळवायचंय, चार्जशीटची कॉपी वकिलामार्फत हजर झालात तर पीडितालाही फुकट मिळते, आणि सरकारला केस मागे घ्यायची असेल तर आधी पीडिताचं ऐकल्याशिवाय कोर्ट परवानगी देऊ शकत नाही. तर चार्जशीटची कॉपी आहे का तुमच्याकडे? नसेल तर पहिलं काम ते. त्यात कुणाचे जबाब आहेत, सीसीटीव्ही लावलाय का, मेडिकलमध्ये दुखापत गंभीर लिहिलीये का, न्याय संहितेचं कलम १०९ म्हणजे खुनाचा प्रयत्न लागलंय का हे सगळं त्यातच कळणार.

मग वकील. सरकारी वकील असतोच, पण कोर्टाच्या परवानगीने तुमचा स्वतःचा वकील त्याच्या मदतीला उभा राहू शकतो, लेखी युक्तिवाद देऊ शकतो. कोर्टात त्याला इंटरव्हेन्शनचा अर्ज म्हणतात. पैसे नाहीत असं लिहिलंयस, तर शिवाजीनगरला जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे तिथे जा, किंवा १५१०० ला फोन कर. दादाला बोटांमुळे दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मिळालं तर फुकट वकिलासाठी उत्पन्नाची अट बघितली जात नाही, दिव्यांग व्यक्ती त्या कायद्यात सरळ लिहिलेली आहे. प्रमाणपत्र सरकारी हॉस्पिटलमधून काढायचं, अर्ज ऑनलाइन भरता येतो, नोकरीसाठी पण उपयोगी पडेल. हे काम वर्षभर का राहिलं माहिती नाही, पण या आठवड्यात सुरू करा.

आता तो बाईकवाला. त्याच्या जामिनाच्या ऑर्डरची सर्टिफाइड कॉपी काढ. त्यात अटी असतात, बहुतेक वेळा साक्षीदारांशी संपर्क करायचा नाही, दबाव आणायचा नाही, कधी कधी त्या भागात यायचंच नाही अशी अट असते. नुसतं हसणं हा काही गुन्हा होणार नाही, खोटी आशा लावत नाही तुला, पण अट असेल आणि तो रोज येत असेल तर तो अटीचा भंग आहे आणि त्यावर जामीन रद्द करा असा अर्ज सेशन्स कोर्टात करता येतो, सरकारी वकिलामार्फत किंवा तुमच्या वकिलामार्फत. त्यासाठी पुरावा लागतो. वही कर, तारीख, वेळ, गाडी नंबर, काय केलं, कोण होतं सोबत. सोसायटीच्या कॅमेऱ्याचं फुटेज दर आठवड्याला काढून ठेव कारण ते आपोआप पुसलं जातं. तू खाली उतरू नकोस, शिवी देऊ नकोस, व्हिडिओ काढताना पण त्याला डिवचू नकोस, तो याचीच वाट बघतोय, तू एकदा कॉलर धरलीस की त्याचं काम झालं. प्रत्येक वेळी पोलीस स्टेशनला लेखी अर्ज द्यायचा आणि शिक्का मारून पोच घ्यायची. घेत नसतील तर सहायक आयुक्त, उपायुक्तांकडे, आणि तिथेही नाही झालं तर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. पुढे कधी जामिनाचा विषय निघाला तर तुमचं ऐकून घ्या असं सांगायचा हक्क आहे तुम्हाला. २०२२ मध्ये लखीमपूर खीरीच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने मुख्य आरोपीचा जामीन रद्द केला त्यातलं एक कारण हेच होतं, की मेलेल्यांच्या घरच्यांना नीट ऐकून घेतलं नव्हतं.

भीती खरी असेल, आणि मला वाटतं आहे, तर साक्षीदार संरक्षणासाठी अर्ज करा. २०१८ च्या साक्षीदार संरक्षण योजनेला सुप्रीम कोर्टाने मान्यता दिलेली आहे, जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालची समिती असते, ती पोलिसांकडून धोक्याचा अहवाल मागवते आणि मग घराजवळ गस्त, कॅमेरा, साक्षीच्या दिवशी सोबत पोलीस, असं काय लागेल ते ठरवते. पप्पांना हे वाचून दाखव. ते पैशासाठी म्हणत नाहीयेत रे. एक पोरगा अधू झाला, दुसरा तुरुंगात जाईल किंवा जिवाला मुकेल ही भीती आहे त्यांना, आणि ते तीन लाख त्यांना सुटकेचा रस्ता वाटतोय. त्यांच्यावर चिडू नकोस.

पण ते तीन लाख काय आहेत हे त्यांना समजावून सांग. खुनाच्या प्रयत्नाची केस कुणाच्या घरी चहा पिऊन मिटत नाही, कायद्याने ती तडजोडीची केसच नाही. रद्द करायची तर हायकोर्टात जावं लागतं आणि अशा गंभीर केसमध्ये नुसती दोन पार्ट्यांची तडजोड झाली म्हणून ते सहसा रद्द करत नाहीत. मग ते गृहस्थ विकत काय घेतायत? दादाची साक्ष. म्हणजे दादाने शपथ घेऊन सांगायचं की अंधार होता, ओळखलं नाही. त्याला फितूर होणं म्हणतात, आणि खोट्या साक्षीचा गुन्हा दादावर येऊ शकतो, त्यांच्यावर नाही. आणि खोटी साक्ष दे म्हणून कुणी धमकावलं तर तो वेगळा दखलपात्र गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ते परत आले तर घरात घेऊ नका, जे बोलायचं ते वकिलाशी बोला एवढंच सांगा. फोनवर बोलले तर रेकॉर्ड ठेव.

पैसे लागणारेत हे मला कळतं, हप्ते थांबत नाहीत. त्यासाठी पीडित भरपाई योजना आहे, सरकारी. विधी सेवा प्राधिकरणाकडेच अर्ज करायचा, आरोपीला शिक्षा होईपर्यंत थांबायची गरज नाही, कायद्याप्रमाणे दोन महिन्यात चौकशी पूर्ण करायची असते. प्रत्यक्षात पाठपुरावा करावा लागतो हेही सांगते. हॉस्पिटलची बिलं, फिजिओथेरपीच्या पावत्या, कंपनीचं नोकरी गेल्याचं पत्र, पगाराच्या स्लिपा, सगळं एका फाइलमध्ये लावा. शिक्षा झाली तर दंडातूनही भरपाई द्यायचा आदेश कोर्ट करू शकतं, ते तुमच्या वकिलाने मागायला हवं. हे पैसे घेताना दादाला मान खाली घालावी लागणार नाही आणि साक्ष पण विकावी लागणार नाही.

वेळ लागेल का, तर हो, लागेल. तारखा पडतील, एखादा साक्षीदार फिरेल, तुला वाटेल ताईने उगाच फसवलं. शिक्षा होईलच असं मी लिहून देऊ शकत नाही आणि कुणी देत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस. तरी मी हेच म्हणीन, कारण यात दादा स्वतः बोलू शकतो. कोर्टात त्याचं नाव पुकारलं जाईल, तो उभा राहील, आणि त्याच्यावर काय झालं ते तो सांगेल, उलटतपासणीत त्याला छळतील पण तो बोलेल. तुझ्या मित्रांच्या प्लॅनमध्ये दादा कुठेच नाही, त्याने फक्त बातमी ऐकायची आणि मग तुला येरवड्यात डबा घेऊन यायचं, डाव्या हाताने.

तर आज रात्री जेवण झाल्यावर त्याच्याशी बोल. पप्पा नकोत, मित्र तर नकोतच. विचार आणि मग गप्प बस, त्याला वेळ लागेल, वर्षभर कुणी विचारलेलं नाही. तो जे म्हणेल त्याने तुझं समाधान होईलच असं नाही पण ते ऐकून घे. तो म्हणाला मला लढायचंच नाही, इथून जायचंय, तर तेही मान्य करावं लागेल, फक्त साक्ष विकून नाही, गावावरून तारखेला येता येतं.

आणि सोमवारी दोघं मिळून शिवाजीनगरला जा. सोबत एफआयआरची कॉपी, आधार, हॉस्पिटलचे कागद. केसचा सीएनआर नंबर, म्हणजे कोर्टाने केसला दिलेला ओळख नंबर, माहिती असेल तर ई-कोर्ट्सच्या ॲपवर पुढची तारीख दिसते, ती मला कळव. मित्रांना मेसेज टाकायचा असेल तर आत्ताच टाक, नाही म्हणून, स्पष्ट शब्दात, आणि तो डिलीट करू नकोस.